आत्यानं सांगितलेलं नाव
माझ्या सख्ख्या बहिणीला मी फसवलं. आज शेजारच्या बारशाच्या घुगऱ्यांचा वास आला आणि ते सगळं आठवलं. तेर गावच्या वडिलोपार्जित शेतावरचा हक्क सोडताना तिनं चुलत्यांसमोर एकच अट घातली होती, तिच्या भाच्याला, म्हणजे माझ्या मुलाला, आमच्या वडिलांचं नाव द्यायचं. वडिलांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून हा तरी टिकावा या आशेनं आजीनं त्यांचं नाव दगडू ठेवलं होतं. मी कबूल झालो आणि तिनं सही केली. बारशाला तिनं आत्याच्या मानानं बाळाच्या कानात 'दगडू' म्हटलं, बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि मी उठून जाहीर केलं, "नाव कियान. फारसीत राजा." ती म्हणाली, "दादा, बापाची लाज वाटती व्हय तुला?" मी भडकलो. "सही झाली न्हवं? आता काय?" हातातल्या घुगऱ्या परातीत ठेवून ती उपाशीच येडशीच्या गाडीला गेली. पाच वर्षांत तिनं माझा उंबरा ओलांडलेला नाही. फसवलं मीच, हे मला मान्य आहे. पण ती अट ऐकलेले चुलते त्या दिवशी पंगतीत मान खाली घालून जेवत राहिले. त्यांनी मला का अडवलं नाही, याचं उत्तर त्यांनी द्यावं.