रजेवरच्या माणसाचा आवाज

आमच्याकडे एखादा माणूस कामावर आला नाही तर तो का आला नाही हे सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त ऑफिसला माहीत नसतं. मी शहादा तालुक्यात, तापीकाठच्या एका उपसा सिंचन संस्थेत काम करते. नदीतून पंपाने पाणी उचलायचं, जमिनीखालच्या मोठ्या पाइपातून चढावर न्यायचं आणि वरच्या कुंडीतून, म्हणजे सिमेंटच्या खोल हौदातून, केळीला, उसाला, कापसाला सोडायचं, हे आमचं काम. नदीवर पंप चालवणारे आबा, पाइपलाइनवर तीन व्हॉल्व्हमन, एक वायरमन, ऑफिसात मी आणि आमच्यावर साहेब. एवढ्या माणसांत एक जरी न सांगता लग्नाला निघून गेला की शेतकरी येऊन माझ्या टेबलावर हात आपटायचे. मी मुळात तापट, त्यात रोज सकाळी हे, म्हणून माझा दिवस भांडणानेच सुरू व्हायचा.

आबांची एक जुनी पद्धत होती. वीज आली तरी ते लगेच बटण दाबत नसत. आधी तिन्ही व्हॉल्व्हमनना एकेक करून फोन लावायचे, समोरचा बोलला की मगच पंप. याला ते ‘आवाज घेणं’ म्हणायचे. वीज नसते तेव्हा ही माणसं कुंड्यांत उतरून कचरा काढतात, जॉइंट बघतात. आत माणूस असताना वरून पाणी आलं तर काय होईल, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

पण आवाज घेण्यात वेळ जायचा. कुणाचा फोन शर्टाच्या खिशात आणि शर्ट झाडावर, कुणाची बॅटरी उतरलेली. शेतीची वीज ठरलेल्या तासांचीच, त्यातला वेळ असा गेला की बांधावर बसलेला माणूस पेटायचा. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते. त्यांनी एक दिवस सगळ्यांना बोलावून मोबाइलवर ग्रुप काढला आणि एक कॅलेंडर सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं. ज्याला रजा हवी त्याने आदल्या संध्याकाळी ग्रुपवर सांगायचं, मी त्याच्या नावापुढे लाल चौकोन भरायचा. सकाळी वीज आली की ग्रुपवर विचारायचं, हजर असलेल्यांनी अंगठा दाखवायचा. सगळे अंगठे आले की मी ‘चालू करा’ लिहायचं.

‘‘आणि लाल असेल त्याला?’’ मी विचारलं.

‘‘जो नाहीच त्याला कशाला विचारायचं?’’ साहेब म्हणाले.

मला पटलं. खरं सांगायचं तर मला ते कॅलेंडर फार आवडलं. कोण आहे, कोण नाही, हे सगळ्यांना एकदम दिसायला लागलं आणि माझ्या टेबलावरचे हात कमी झाले. कुरकूर केली ती फक्त आबांनी.

‘‘ताई, हाऊ आंगठा कोना शे, हाई कसं समजी?’’

‘‘आबा, ज्याना फोन त्याना आंगठा,’’ मी म्हणाले. ते मान हलवून पंपाकडे निघाले.

वरच्या कुंडीवरचा व्हॉल्व्हमन तोरणमाळच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा. बायकोला घेऊन ऑफिसजवळच्या खोलीत राहायचा. घरात दोघं पावरी बोलायची, आमच्याशी अहिराणी. कामाला इतका चोख, की त्याच्यावर चिडायची संधी मला क्वचितच मिळायची. त्या हिवाळ्यात त्याने काकाच्या घरच्या इंदलासाठी रजा मागितली. इंदल हा डोंगरातला नवसाचा सण. घरातलं कुणी कधीतरी बोललेलं असतं, आणि भाऊबंद बसून ठरवतील तेव्हा तो होतो. छापील कॅलेंडरात तो सापडायचा नाही. आमच्या कॅलेंडरात मात्र मी तो घातला, त्याच्या नावापुढे सलग लाल चौकोन भरले. वरची कुंडीही तेवढे दिवस मधल्या व्हॉल्व्हमनने बघायची असं ठरलं.

त्या सकाळी वीज उशिरा आली. दोन-तीन शेतकरी ऑफिसात येऊन बसले होते, त्यातला एक गेले काही दिवस रोजच यायचा, कारण त्याच्या केळीला पाणी बारीक येत होतं. वीज आल्याचं वायरमनने ग्रुपवर टाकलं. खालच्याचा अंगठा आला, मधल्याचा त्याच्या स्वतःच्या कुंडीवरून आला. वरचा लाल होता. मी ‘चालू करा’ लिहिलं आणि चहा मागवायला उठले.

दारात वरच्या व्हॉल्व्हमनची बायको उभी होती. हातात फडक्यात बांधलेली भाकर.

‘‘ताई, यास्नी भाकर. फोन उचलत नही.’’

‘‘कोनी भाकर? तुम्ही गावले गया नही का?’’

‘‘नही ताई. गावमा मयत व्हयनी, इंदल पुढे गया. घर बठीसन काय करू म्हने, सकायमाच कुंडीवर गयात. पाइपना तोंडमा काहीतरी अडकेल शे म्हने.’’

गैरहजर राहणाऱ्याने कळवायचं, हा आमचा नियम होता. रजा टाकलेल्याने हजर झालो म्हणून कळवायचं, असा नियम कुणी केलाच नव्हता. आणि नेमका तेव्हाच ऑफिसमागचा हवेचा व्हॉल्व्ह सूं सूं करायला लागला. रात्रभर पंप बंद राहिला की आमचा पाइप निम्मा रिकामा होतो. पंप सुरू झाला की पाणी हवेला पुढे ढकलतं आणि ती हवा त्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. तो आवाज म्हणजे पाणी आमच्यापर्यंत पोचलं होतं आणि पुढे चढाला लागत होतं.

मी आबांना फोन लावला. वाजत राहिला. पंपहाऊसमध्ये मोटारी सुरू झाल्या की शेजारी उभ्या असलेल्याचंही ऐकू येत नाही. ग्रुपवर ‘बंद करा’ लिहिलं, पुन्हा लिहिलं. कुणी बघेना. साहेबांना लावला तो लगेच उचलला गेला.

‘‘साहेब, वरच्या कुंडीत माणूस आहे!’’

‘‘अहो, तो रजेवर आहे. कॅलेंडर बघा.’’

मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन कापला आणि ऑफिसमागे धावले.

नाल्याच्या काठाला आमच्या पाइपाला आणखी एक व्हॉल्व्ह आहे. पाइप धुवायचा असेल तेव्हा तो उघडतात, सगळं पाणी नाल्यात पडतं. वर्षातून एखाद्या वेळी त्याला कुणी हात लावतो. त्याचं लोखंडी चाक गंजून घट्ट झालेलं. मी लटकले तरी ते हलेना. त्याची बायको माझ्यामागून आली, भाकर ओटीत खोचली आणि चाकाची दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून जोर लावला तेव्हा चाक कुरकुरलं आणि जरासं फिरलं. पाण्याची एक धार नाल्यात उडाली.

तेवढ्यात तो केळीवाला ओरडत आला. ‘‘ओ ताई, पानी नालामा काबर सोडी ऱ्हायन्यात? मन्ही केळी वाळी ऱ्हायनी!’’ त्याने माझं मनगट धरलं.

‘‘मन्हा मानूस कुंडीमा शे,’’ ती म्हणाली. ओरडून नाही, चाक न सोडता.

त्याने माझं मनगट सोडलं आणि दोन्ही हातांनी चाक पकडलं. मग ते फिरलं. पाणी असं फुटलं की नाल्याच्या पलीकडच्या बाभळीपर्यंत उडालं. आम्ही तिघं भिजलो, तरी चाक फिरवतच राहिलो. माझ्या मनात एकच हिशेब चालला होता, की यातलं किती पाणी आधीच पुढे गेलं असेल.

पंपहाऊसमध्ये आबांनी फोन बघितला नव्हता, पण ते काट्याकडे बघत होते. दाबाचा काटा एकदम खाली आला, मोटारीवरचा लोड वाढला. पाइप फुटला असं समजून त्यांनी पंप बंद केला. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की नाल्यातली धार हळूहळू बारीक झाली.

मी स्कूटी काढली, ती मागे बसली. कुंडीपर्यंतचा रस्ता उसातून जाणारा, खड्ड्याखड्ड्यांचा. एका हाताने तिने माझा खांदा धरला होता, दुसऱ्याने ओटीतली भाकर. मी देवाचं नाव घेणाऱ्यांतली नाही, पण त्या रस्त्यावर घेतलं.

तो कुंडीच्या काठावर बसला होता. डोक्यापासून भिजलेला, एक कोपर सोलून निघालेलं, खोकत. शेजारी पाइपातून ओढून काढलेलं चिखलाचं गोणपाट पडलं होतं. तो कमरेपर्यंत पाइपाच्या तोंडात शिरला होता. आधी तोंडावर वारा आला, म्हणून तो मागे सरला. मग पाण्याने त्याला भिंतीवर आपटलं. शिडीची दांडी हाताला लागली, ती धरून तो उभा राहिला. पाणी छातीपर्यंत चढलं आणि तिथे थांबलं.

माझ्याकडे बघून त्याने विचारलं, ‘‘ताई, माले फोन काबर नही करा?’’

‘‘तू रजेवर व्हता,’’ मी म्हणाले.

‘‘मी तं आठेच व्हतू.’’

त्याने ओल्या हाताने कुंडीकडे बोट केलं. त्याची बायको त्याच्यासमोर जमिनीवर बसली. ओटीतली भाकर काढली, ती भिजून गेली होती. मग ती पावरीत बोलायला लागली आणि बराच वेळ बोलत होती. तो मान खाली घालून ऐकत होता.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना बसवलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. ज्याची रजा रद्द होईल त्याने ताबडतोब ग्रुपवर कळवायचं, असा नवा नियम त्यांनी सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आबा तेवढे उठून उभे राहिले.

‘‘सायेब, तुम्हना नियम ऱ्हाऊ द्या. मी बठ्ठास्ना आवाज लेसू. लाल बी आनि बाकीना बी.’’

‘‘आबा, जो माणूस कामावरच नाही त्याचा आवाज घेऊन काय करणार?’’

‘‘तो आठे नही शे, हाई बी त्यानीच सांगाले पाहिजे,’’ आबा म्हणाले आणि खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून ते तसंच करायला लागले, साहेबांनी अडवलं नाही.

इंदल पुढे होळीच्या आधी झाला. वरच्या व्हॉल्व्हमनने रजा मागितली, मी चौकोन लाल केले. दोघं नवरा-बायको सकाळच्या गाडीने निघाली तेव्हा मी आणि साहेब स्टँडवरच होतो. त्याच्या कोपरावरचा वण अजून दिसत होता.

दुसऱ्या दिवशी वीज वेळेवर आली. आबांनी खालच्याचा आवाज घेतला, मधल्याचा घेतला. मधला त्या दिवशी वरच्या कुंडीवरच उभा होता. तिसरा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर. ग्रुपवर आबांचा निरोप आला, ‘ताई, आवाज नही.’ पंप बंदच राहिला.

थोड्या वेळात ऑफिस भरलं. कुणी म्हणालं आबा म्हातारे झाले, कुणी म्हणालं ऑफिसातल्या बाईचंच डोकं फिरलंय. चाक फिरवणारा केळीवाला तेवढा कोपऱ्यात बसून होता. साहेबांचा फोन आला.

‘‘अहो, आपण दोघांनी त्याला गाडीत बसताना पाहिलंय. कुंडीवर माणूस उभा आहे, तोही सांगतोय आत कुणी नाही. लिहा ना, चालू करा.’’

त्यांचं बरोबर होतं. माझ्या डोळ्यांनी मी त्याला जाताना पाहिलं होतं. तरी माझा अंगठा मोबाइलवर जाऊन थांबायचा. मला भीती वाटत होती, सरळ भीती, आणि ती कुणाला समजावून सांगता येत नव्हती. लोक ओरडत होते आणि मी लाल चौकोनाकडे बघत होते.

मग फोन वाजला. त्याचाच नंबर. मागे ढोल वाजत होता, वारा इतका की शब्द तुटत होते. रेंजसाठी तो टेकडी चढून वर आला होता. वीज आली असेल आणि आबा थांबले असतील, हे त्याला डोंगरात बसूनही माहीत होतं. मी आबांनाही त्याच कॉलवर घेतलं.

‘‘ताई, मी आठे शे, डोंगरवर,’’ तो म्हणाला. ‘‘कुंडीमा नही शे.’’

‘‘परत बोल,’’ मी म्हणाले.

तो हसला. ‘‘कुंडीमा नही शे, ताई. सोडा पानी.’’

‘‘हां, उना आवाज,’’ आबा म्हणाले. थोड्याच वेळात ऑफिसमागचा हवेचा व्हॉल्व्ह सूं सूं करायला लागला. लोक उठून आपापल्या शेतांकडे गेले. पाणी वरच्या कुंडीत पडल्याचं मधल्याने कळवेपर्यंत मी फोन कानाला धरून बसले होते, आणि तोही तिकडे, ढोल वाजत असताना, टेकडीवर थांबला होता.