पास्कल सरांचं सोल्डरिंग

वसई पूर्वेला आमच्या गाळ्यात तारा जोडायचे सोल्डरिंग आयर्न बनायचे आणि किस्सेही. आयर्न टेम्पोत भरून निघून जायचे, किस्से मात्र आमच्याकडेच साठत राहिले. दोन्हींचे कर्ते एकच, आमचे डिझाइन इंजिनिअर पास्कल सर. राहणार माणिकपूर. आयर्न नीट कसा तापावा, यातच त्यांची उभी हयात गेली. मी त्यांचा असिस्टंट, त्यामुळे बरेचसे किस्से मी डोळ्यांनी पाहिलेत!

*

सर चर्चला जातानाही खिशात छोटा आयर्न ठेवायचे. एका रविवारी फादरांचं प्रवचन रंगात आलं आणि माइक खरखरायला लागला. सर उठले, वेदीजवळच्या प्लगला आयर्न लावला आणि सुटलेली तार जोडायला बसले. सगळी मंडळी धूर बघतेय! माइक सुरू झाला तसं फादरांनी विचारलं, "कुठवर आलो होतो आपण?"

सर म्हणाले, "नरकापर्यंत, फादर. आता पुढचं स्पष्ट ऐकू येईल!"

*

फुलपाड्याच्या सुमनताई आमच्या लाइनवर सोल्डरिंग करणाऱ्यांत सर्वांत जुन्या. एकदा त्यांनी सरांपुढे आयर्न आपटला. "सर, दुपारपर्यंत मनगट भरून येतं. कोणाच्या हाताच्या मापानं बनवलाय हा?"

सर म्हणाले, "उद्या सगळ्याजणी घट्ट कणीक मळून आणा."

दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं आयर्न धरतात तशी कणीक मुठीत दाबली. ते मुटके सरांनी पत्र्यावर वाळत घातले. त्यावरूनच नवं हँडल करायचं होतं. जेवून येतो तर दोन मुटके कावळ्यांनी पळवलेले! मी हळहळलो, सर मात्र खूश. "डिझाइन चोरीला जायला लागलं म्हणजे नक्की चांगलं झालंय!"

*

नवा आयर्न पोटमाळ्यावरून खाली टाकून बघायचा, ही सरांची टेस्ट. एकदा नेमके त्याच वेळी शेठ गिऱ्हाइकाला घेऊन आत आले. आयर्न धाडकन गिऱ्हाइकाच्या बुटापाशी! तो बिचारा पांढराफटक.

वरून सर ओरडले, "घाबरू नका, काही झालेलं नाही!"

"कोणाला?" शेठ कडाडले.

"आयर्नला!"

*

सरांच्या रिटायरमेंटला थोडेच महिने उरले होते, तेव्हा शेठनी एक इंपोर्टेड सोल्डरिंग स्टेशन, म्हणजे आयर्न आणि त्याची उष्णता सांभाळणारा डबा, आणलं. चकचकीत, वर डिजिटल आकडे. "आता बनवायचं बंद. हेच मागवू आणि आपला स्टिकर लावू. तुम्ही तर आता निवांतच होणार, सर!"

म्हणजे लाइनवरच्या बायका घरी आणि सरांचं सगळं काम भंगारात. दोन दिवस गेले. मग सर म्हणाले, "शेठ, एकदा गिऱ्हाइकाला निवडू द्या. तो आपल्या मालाला नाही म्हणाला, तर मी स्वतः इथली मशिनं विकून देतो."

शेठ कबूल झाले. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचे साहेब आले. टेबलावर शेजारी शेजारी दोन स्टेशनं, एक परदेशी आणि एक सरांनी बनवलेलं. दोन्ही मस्त तापली. परदेशी जरा आधीच. शेठनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

तेवढ्यात शेजारच्या गाळ्यांतली मोल्डिंग मशिनं सुरू झाली आणि व्होल्टेज बसलं. पंखा रडतखडत फिरायला लागला. परदेशी स्टेशनवरचे आकडे थरथरले आणि गायबच झाले! साहेबांनी बटणं दाबून पाहिली, काही नाही. मग त्यांनी सरांच्या आयर्नला सोल्डरची तार टेकवली. लोण्यासारखी वितळली! एकामागून एक जोड त्यांनी स्वतःच्या हातानं दिले.

"आमच्याकडेही हीच रड आहे," साहेब म्हणाले. "आम्हाला हेच पाहिजे." सुमनताईंनी सगळ्यांदेखत टाळी वाजवली. शेठनी परदेशी खोकं मुकाट्यानं थर्माकोलमध्ये परत बसवलं आणि म्हणाले, "ठीक आहे सर, बनवू या." त्या क्षणी मला सरांना उचलूनच घ्यावंसं वाटलं.

निघता निघता साहेबांनी विचारलं, "पण सर, तुमचं हे नेमकं किती व्होल्टेजला बंद पडतं?"

सर डोकं खाजवत म्हणाले, "सांगता येत नाही, साहेब. ते बंद पडायच्या आत इथली लाइट जाते!"