मशीनला विचारून लिहिणारा सिद्धार्थ

करुणाचा फोन आला तेव्हा मी एका कोटाचं कापड बेतत होतो. "मामा, हे गेले," एवढंच ती म्हणाली. कात्री तशीच ठेवून मी शटर ओढलं. त्याला आता महिना होऊन गेला. सिद्धार्थ माझ्या बहिणीचा मुलगा, करुणा त्याची बायको. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस, म्हणून त्याच्या आठवणी लिहायचं ठरलं तेव्हा घरचे म्हणाले, तुम्ही सांगा, आम्ही लिहितो. मी म्हटलं, भाचा माझा होता, लिहीन तर मीच.

जुन्या जालन्यात माझं शिलाईचं दुकान आहे, त्याच्या माडीवर बसून तो दूरदेशीच्या लोकांसोबत काम करायचा. सी नावाच्या भाषेत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितात. रोज लागणारी कामं त्यात आधीच करून ठेवलेली असतात, त्या साठ्याला लायब्ररी म्हणतात. त्या लायब्ररीला मशीनच्या मर्यादा माहीत असाव्या लागतात. मोठ्यात मोठा आकडा केवढा मावेल, फाइलचं नाव किती लांब चालेल, एका वेळी किती फाइली उघडतील... हरेक मशीनचं निराळं. सिद्धार्थनं असा प्रोग्राम केला होता, की तो खुद्द मशीनलाच विचारायचा आणि आलेले आकडे फाइलीत मांडून द्यायचा. "तुम्ही टेप लावता ना मामा, तसंच," म्हणायचा. मी म्हणायचो, "माझं गिऱ्हाईक पोट आत ओढून खोटं बोलतं, तुझं बरं हाय."

किडन्या निकामी होऊन डायलिसिस सुरू झाल्यावर त्याच्या हातून एक चूक झाली. तळहाताएवढ्या छोट्या मशीनसाठी आकडे काढायचे होते, आणि प्रोग्राम चालवला त्यानं स्वतःच्या मोठ्या कॉम्प्युटरवर. तिथं मावणारे आकडे छोट्यात कसे मावावेत? लोकांची कामं मधेच बंद पडू लागली, तक्रारी आल्या. याचं जेवणावरून मन उडालं. एका सोबत्यानं फोनवर सांगितलं, हातानं आकडे भर आणि मोकळा हो. हा म्हणाला, "आज मी भरीन, उद्या दुसरं मशीन आलं की पुढचा माणूस फसंल. प्रोग्रामच सुधारायचा, अन् त्याच मशीनवर चालवून बघायचा. माझ्या जीवात जीव हाय तवर."

तसलं मशीन अंबडला एका दुरुस्तीवाल्याकडं होतं. चालू कामाला जोडलेलं, हलवता येईना. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलेलं, करुणा रागावलेली. तरी मी त्याला घेऊन एसटीत बसलो. वाटेत त्याला धाप लागली, तेव्हा त्याचं लक्ष वळवावं म्हणून म्हणालो, "गिऱ्हाईक अंबडात, अन् माप तू जालन्यात घेतलं व्हय रे?"

"व्हय मामा. अन् तेही माझ्याच अंगावर."

"मंग शर्ट ढगळा व्हणारच की."

तो हसला. खूप दिवसांनी.

दुरुस्तीवाल्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. सिद्धार्थनं सुधारलेला प्रोग्राम त्या छोट्या मशीनवर चालवला. आकडे येऊन राह्यले होते, छोटे छोटे. एका जागी मात्र काहीच आलं नाही. सिद्धार्थनं ती जागा तशीच सोडली.

"लिही की कायतरी," मी म्हणालो. "रिकामं बराबर दिसत न्हाई."

"याची हद्द ठरलेली न्हाई मामा, मशीनच सांगून राह्यलं. मंग आपण ठरवणारे कोण? ज्याला लागंल तो त्या वक्ताला विचारील."

मी आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, पण त्या वेळी त्याचं ऐकलं. चेहरा उतरलेला, सुजलेला हात टेबलावर टेकवलेला, आणि तरी त्याला एक आकडा अंदाजानं लिहायचा नव्हता. घरी येऊन त्यानं सुधारलेलं सगळं पाठवलं, वर लिहिलं की चूक माझी होती. उत्तर यायच्या आत त्याला दवाखान्यात न्यावं लागलं... तिथून तो आला नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर करुणानं मला माडीवर बोलावलं. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते. म्हणाली, "मामा, बाहेरदेशीच्या त्या लोकांनी यांचं काम स्वीकारलं. आता सगळीकडं हेच चालणार." मला दाखवायला म्हणून तिनं त्याचा प्रोग्राम चालवला. डोळ्यांदेखत नवी फाइल तयार झाली. पहिली ओळ तिनं वाचून दाखवली. ही फाइल प्रोग्रामनं बनवली आहे, हातानं बदलू नये, आणि पुढं सिद्धार्थचं नाव. ही ओळ कुणी टाइप केली, मी विचारलं. ती म्हणाली, कुणीच नाही, जो जिथं चालवील तिथं ती आपोआप उमटते.

मी चष्मा पुसला. म्हटलं, "अजून एकदा चालव."

तिनं चालवला.