झ्लातिनाचा पगार

झ्लातिना चाकारोव्हा बेकरीच्या रांगेत उभी होती. पुढच्या बाईने मागे वळून आधी तिच्या चेहऱ्याकडे आणि मग सावकाश तिच्या बुटांकडे पाहिलं. बूट काही नवे नव्हते. तीन हिवाळे काढलेले, टाच एकदा बदललेली.

"छान आहेत हो," बाई म्हणाली. "चामड्याचे का?"

"चामड्याचेच. घालून बघायचेत का?" झ्लातिना म्हणाली.

रांगेत कोणी हसलं नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की गावचं साप्ताहिक सगळ्यांच्या हातात पोचलंय. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'रुग्णांच्या पैशातून महिना चौदाशे लेव्हा!' खाली तिचा फोटो. तोही कुठला, तर बस डेपोतल्या नववर्षाच्या जेवणाचा, हातात ग्लास घेतलेला. तिने चीज भरलेल्या, पापुद्र्यांच्या गरम बानित्साचे दोन तुकडे घेतले, पैसे मोजून दिले आणि मुद्दाम दारातच उभी राहून, सगळ्यांदेखत, एक तुकडा खाल्ला.

एलोवो हे डोंगरातलं गाव. कोणी कुठलं हॅम विकत घेतलं हेसुद्धा संध्याकाळपर्यंत गावभर होतं. २०१६ सालचा ऑक्टोबर होता. शाळेतल्या शिक्षिकेला महिन्याला आठशे लेव्हा मिळायचे, लाकूड कारखान्यातल्या कामगाराला सहाशे. तिथे चौदाशे म्हणजे डोळ्यांत भरणारा आकडा, हे झ्लातिनालाही कळत होतं.

ती मूळची बस डेपोची. बावीस वर्षं डिस्पॅचरच्या खिडकीत बसलेली. कुठली बस कुठल्या वळणावर असेल, कुठल्या ड्रायव्हरचं सासऱ्याशी भांडण झाल्यामुळे तो आज जोरात गाडी हाणेल, हे तिला घड्याळाकडे न बघता सांगता यायचं. थांब्यावर माणूस उभं आहे आणि गाडी येत नाही, ही गोष्ट तिला सहन व्हायची नाही. मग डेपो बंद झाला. वरच्या वाड्यांना जाणाऱ्या बस तोट्यात होत्या, त्या आधी गेल्या. आणि त्या वाड्यांमध्ये अकरा माणसं अशी होती, ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा साठ किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन चार चार तास डायलिसिसच्या यंत्राला बांधून घ्यायचं, तेव्हा कुठे जगायचं.

त्यातली एक फिदान्का आजी. उभा जन्म तंबाखूच्या शेतात गेलेला. ती एकदा बाजारात झ्लातिनाला भेटली. चेहरा सुजलेला, पावलं जड.

"सोमवारी गेले नाही गं," ती म्हणाली. "बुधवारी जाईन, जमलं तर."

"आजी, एक खेप चुकली तर काय होतं, ते डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"सांगितलंय की. गाडी कुठून आणायची, ते नाही सांगितलं."

बुधवारी झ्लातिना स्वतःची जुनी स्कोडा घेऊन आजीच्या दारात उभी राहिली. तिथून सगळं सुरू झालं. आधी स्कोडा, मग वर्गणीतून घेतलेली एक व्हॅन, मग 'वाट' नावाची नोंदणी केलेली संस्था. सहा वर्षं तिने एक स्टोटिंका, म्हणजे लेव्हातला एक पैसाही, घेतला नाही. पोटासाठी पहाटे शाळेच्या फरशा पुसायची, दिवसा गाड्यांचं बघायची, आईच्या शेतातले बटाटे खायची. गाव तिला संत म्हणायचं. पाद्रीबाबांनी व्हॅनवर पवित्र पाणी शिंपडलं, साप्ताहिकात फोटो आला. त्या फोटोत मात्र ग्लास नव्हता.

गाडी चालवायला निवृत्त माणसं यायची, फुकट. मनाने सोन्यासारखी. पण एकाच्या नातीचं बारसं असायचं, एकाचा शिकारीचा हंगाम असायचा आणि एकाला धुक्यात नीट दिसत नव्हतं, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. दात्यांचा हट्ट असा, की पैसे रुग्णांवर खर्च करा, वरखर्चावर नको. टायर हा वरखर्च. म्हणून टायर गुळगुळीत झाले तरी तेच चालू.

सहाव्या वर्षीच्या फेब्रुवारीत बर्फाळ वळणावर व्हॅन घसरली आणि खड्ड्यात गेली. चालवत होते स्तामेन काका, निवृत्त वनरक्षक, वय त्र्याहत्तर. सलग तिसरी फेरी होती त्यांची. कोणी दगावलं नाही. फिदान्का आजीचं खुब्याचं हाड मोडलं. झ्लातिना पोचली तेव्हा काका रस्त्याच्या कडेला बर्फात बसून रडत होते.

"मला डुलकी लागली, पोरी. मी सकाळीच नाही म्हणायला हवं होतं. पण तुला दुसरं कोणी मिळत नव्हतं ना."

तिने त्यांच्या खांद्यावर आपला कोट टाकला. काकांना रागवण्यासारखं काही नव्हतंच. तिला राग आला तो स्वतःचा. बावीस वर्षं ती डेपोत होती. थकलेल्या ड्रायव्हरला तिसऱ्या फेरीवर तिने कधीही सोडलं नसतं. मग इथे का सोडलं? फुकट होतं म्हणून.

त्यानंतर तिने सगळं बदललं. जर्मनीत ट्रक चालवणाऱ्या मेतोदीला परत बोलावलं. तो डेपोतलाच, तिच्या हाताखाली तयार झालेला. त्याच्या जोडीला दुसरा एक ड्रायव्हर, दोघांना प्रत्येकी बाराशे. फोनवर एक बाई. हिवाळ्याचे टायर, विमा, एक जास्तीची व्हॅन. शाळेच्या फरशा सोडल्या आणि स्वतःला चौदाशे लावून घेतले. संस्थेच्या तिघा विश्वस्तांनी सही केली. पुढची तीन वर्षं एकही खेप चुकली नाही. खिंड बंद झाली त्या आठवड्यातसुद्धा नाही. झ्लातिनाने रस्ते खात्याच्या माणसाच्या मागे लागून बर्फ बाजूला सारणारी नांगराची गाडी पुढे आणि आपली व्हॅन मागे, अशी माणसं नेली. फक्त दर शंभर लेव्हामागे एकेचाळीस आता 'वरखर्च' या रकान्यात जात होते.

तो रकाना व्हेलिझार कुत्सारोव्हने वाचला. गावातल्या लाकूड कारखान्याचा मालक, संस्थेला एकतृतीयांश पैसा देणारा आणि शाळेत झ्लातिनाच्या शेजारी एकाच बाकावर बसलेला. त्याने तिला कारखान्यात बोलावून घेतलं.

"मी पैसे रुग्णांसाठी दिले होते," तो म्हणाला.

"रुग्ण गाडीत बसतात, व्हेलिझार. गाडी कोण चालवतं? देव?"

"आधी तर फुकट करत होतीस."

"आधी खड्ड्यातही पडत होतो."

"चौदाशे, झ्लातिना! लोकांना काय वाटेल, विचार कर."

"तुझा तो माल पाठवणारा मॅनेजर किती घेतो रे?"

"तो विषय वेगळा. तो धंदा आहे."

"हां. म्हणजे फळ्या वेळेवर पोचवायच्या तर दोन हजार, आणि माणसं पोचवायची तर फुकट."

व्हेलिझारचे कान लाल झाले. तो वाईट माणूस नव्हता. आईच्या आजारपणात त्याने स्वतः रात्रंदिवस केलं होतं आणि त्याचे पैसे कोणाकडे मागितले नव्हते. सेवेला किंमत लावली की ती नासते, असं त्याला मनापासून वाटायचं. त्याने देणगी थांबवली, आणि आठवड्याभरात साप्ताहिकात तो मथळा आला.

वाचनगृहाच्या सभागृहात सभा बोलावली गेली. निघण्याआधी मेतोदी तिच्याकडे आला. टोपी हातात.

"ताई, थोडं वाकून घे ना. पाचशेवर ये, चुकलं म्हण, विसरतील लोक. माझेही दोनशे काप हवं तर."

"तुझे दोनशे कापले, तर वसंतात तू परत जर्मनीला जाशील. आणि गेलास तर मी तुला नावं ठेवणार नाही. पण गाडी कोण चालवेल?"

"मग काय करणारेस?"

"आहे तेच सांगणार. मोठ्याने."

सभागृह भरलं होतं. व्हेलिझारने उभं राहून जाहीर केलं, की तो स्वतःच्या खिशातून नवी कोरी व्हॅन घेतोय, चालवायला स्वयंसेवक असतील आणि एकेक स्टोटिंका रुग्णापर्यंत पोचेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिथल्या तिथे अकरा जणांनी नावं दिली. मग कोणीतरी ओरडलं, "आता चाकारोव्हाबाईंनी माफी मागावी!"

झ्लातिना उठली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"माफी मागायचीच तर एका गोष्टीची मागते. सहा वर्षं मी हे काम फुकट केलं, त्याची. तुम्हाला वाईट सवय लावली. थकलेल्या म्हाताऱ्यांच्या हातात गुळगुळीत टायरची गाडी दिली, आणि तुम्ही मला संत म्हणालात. आज टायर नवे आहेत, ड्रायव्हर झोपलेला असतो तो आपल्या घरी, गाडीत नाही. तर मी चोर. मी चौदाशे घेते. ते लपवलेले नाहीत, दरवर्षी छापते. कमी करणार नाही."

"लाज वाटत नाही का?" मागून आवाज आला.

"वाटत होती. मग फिदान्का आजीच्या मोडलेल्या खुब्याची वाटायला लागली."

आजी पहिल्या रांगेत काठी धरून बसली होती. तिने मान वळवली. "माझ्या खुब्याला मध्ये आणू नकोस गं," ती करवादली. मग सभेकडे बघून म्हणाली, "संत-बिंत काय करायचेत ते तुमच्या देवळात करा. मला सातला गाडी लागते."

सभा तशीच विस्कटली. दुसऱ्या दिवशी सकाळी झ्लातिनाने ब्रश आणि पांढरा रंग आणला आणि हमरस्त्यावरच्या कचेरीच्या काचेवर लिहिलं: 'संचालक १४००. ड्रायव्हर १२००. फोन ९००. विचारायचं असेल तर आत या. कॉफी मिळेल.' खाली बारीक अक्षरांत: 'कॉफी वरखर्चात धरली आहे.'

लोक आले. काही टोमणे मारायला, काही नुसती कॉफी प्यायला. काही खरोखर बसले आणि कागद उलटून पाहिले. पण निम्मे दाते सुटले ते सुटलेच. डिसेंबरात एक व्हॅन उभी करावी लागली, दुसरा ड्रायव्हर सोडून गेला. दोन वाड्यांची फेरी एकत्र केली, तशी वरच्या वाडीच्या माणसांना दीड तास आधी उठावं लागू लागलं. बाय-अ‍ॅसन नावाच्या म्हाताऱ्याला (तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'बाय' म्हणतात) ते झेपेना. घरदार, मधमाश्यांच्या पेट्या सोडून तो रुग्णालय जवळ म्हणून प्लोव्हदिव्ह शहरात मुलीच्या फ्लॅटमध्ये गेला.

"तुझा पगार सोडला असतास तर ती गाडी चालली असती," गावात मागे राहिलेली त्याची सून झ्लातिनाला म्हणाली.

हिशेब बरोबर होता. झ्लातिनानेही तो केला होता, एकदा नाही, अनेकदा. पगार सोडायचा म्हणजे पुन्हा शाळेच्या फरशा. मग पहाटे खिंड बंद असल्याचा फोन आला तर तो घ्यायचा कोणी? एक हिवाळा निभला असता. पुढचा निभला नसता. हे तिला ठाऊक होतं, पण सुनेच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "बाय-अ‍ॅसन गेले, ते माझ्या खात्यावर आहे. ते मी नाकारत नाही." पगार मात्र सोडला नाही.

व्हेलिझारची व्हॅन पांढरीशुभ्र होती. बाजूला कारखान्याचं नाव, त्याखाली 'एकेक स्टोटिंका रुग्णाला'. अकरा स्वयंसेवकांचे तिसऱ्या आठवड्यात चार झाले. जानेवारीत उरला एकच, तो म्हणजे व्हेलिझार. त्याने खरंच चालवली गाडी, मानलं पाहिजे. पण तिकडे कारखान्यात ऑर्डरी रखडल्या, आणि एका गुरुवारी तीन माणसं बर्फात दोन तास थांब्यावर उभी राहिली. शेवटी त्यांनी फोन केला तो झ्लातिनाला. मेतोदी आपली फेरी संपवून पुन्हा वर गेला आणि त्यांना घेऊन आला.

मार्चमध्ये व्हेलिझार कचेरीत आला. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. कॉफी दिली ती त्याने घेतली.

"मेतोदीसारखा एक माणूस दे मला."

"देते. बाराशे. विमा वेगळा. तो आजारी पडला तर बदली माणूस, त्याचे वेगळे. आणि फोनवरच्या बाईच्या पगारातला वाटा."

"आणि तुझ्या?"

"माझ्याही. वेळापत्रक मीच लावणार ना?"

"मी गाडीवर काय लिहून घेतलंय, पाहिलंयस ना? लोक मला खातील."

"मला खाल्लंच की. पचले नाही मी."

तो हसला नाही. व्हॅन घे, पण पैसे फक्त डिझेलचे देईन, म्हणाला. झ्लातिनाने नकारार्थी मान हलवली. पैसे कशावर खर्चायचे ते मी ठरवणार, आणि वर्षाचा करार लेखी हवा, ती म्हणाली. नाहीतर व्हॅन कारखान्याच्या अंगणात शोभेला ठेव. व्हेलिझार दार आपटून गेला. मेतोदी हळहळला, "ताई, हातात आलेली गाडी गं!" पण झ्लातिना उठून व्हेलिझारच्या मागे गेली नाही.

नऊ दिवसांनी त्याच्या मॅनेजरने कागद आणून दिला. सही होती. डिझेलचं कलम पेनाने खोडलेलं होतं. सोबत किल्ली. साप्ताहिकाने यातली एक ओळही छापली नाही, आणि गाडीवरची अक्षरं व्हेलिझारने कोणालाही न सांगता पुसून टाकली.

मे महिन्यात विश्वस्तांच्या बैठकीत झ्लातिनाने ड्रायव्हरांना शंभरची वाढ मागितली आणि त्याखाली आपली दोनशेची.

"आत्ता? लोक काय म्हणतील?" एका विश्वस्ताने कपाळाला हात लावला.

"म्हणू देत. मागच्या वेळी जे म्हणाले, तेच म्हणतील. नवीन काही सुचत नाही त्यांना."

ठराव दोन विरुद्ध एक असा मंजूर झाला.

जूनमध्ये वेळापत्रक मेतोदीच्या हाती देऊन ती समुद्रावर गेली. पोमोरिएला, दहा दिवस, फोन बंद करून. दहा वर्षांतली पहिली सुट्टी. गावात ज्याने त्याने मेतोदीला अडवून विचारलं, "चाकारोव्हाबाईंना समुद्र परवडतो कसा?"

"पगारातून," मेतोदी सांगायचा आणि गिअर टाकायचा.