कच्ची तुटलेली बोंडं

माझ्या सासूचं नाव गुणाबाई, पण गावात तिला कोणी गुणाबाई म्हणत नाही. भेरवाहीवाली म्हणतात. आमच्याकडे बाई लग्न होऊन आली की माहेरचं गाव तिला चिकटतं, ते मरेपर्यंत सुटत नाही. मी मीरा, म्हणजे ब्रह्मपुरीवाली. फरक एवढाच की माझं ब्रह्मपुरी अजून जागेवर आहे आणि तिचं भेरवाही कोळशाच्या खाणीत गेलं. आता तिथे नुसता खड्डा आहे.

घरात आम्ही सगळे तिला बाईच म्हणतो. आणि बाई म्हणजे काय बाई आहे! अठ्ठ्याहत्तर वय, पाठ वाकलेली, तोंड मात्र ताठ. चाळीस वर्षं सुईणपण केलं. सिंदेवाहीकडच्या आमच्या चार गावांत पंचविशीच्या वरचा जो कोणी दिसेल, त्याला तिने जन्मताच नागडा पाहिलाय. हे ती मनात ठेवून गप्पही बसत नाही. एकदा भर ग्रामसभेत सरपंचाला म्हणाली, "मले नको शिकवू, तुले उलटा टांगून मीच रडवलं व्हतं." मी मेले लाजेने, सरपंच हसत सुटला.

अशा या बाईची एक वेल होती कुंपणावर. कळलावीची. पावसाळा लागला की जमिनीतून वर यायची, पानांच्या टोकांनी काटक्या धरत धरत चढायची, आणि श्रावण-भादव्यात लाल-पिवळ्या फुलांनी कुंपण पेटल्यासारखं दिसायचं. भेरवाही उठलं तेव्हा लोकांनी घराची दारं काढून नेली, छपराचे कवेलू नेले, बाईच्या भावाने चौकटी नेल्या. हिने बापाच्या धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, एक कंद उकरला आणि पदरात बांधून आणला. नांगरासारखा वाकडा कंद. तीच ही वेल.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. नावच बघा ना! आमच्या ब्रह्मपुरीकडे म्हणत, ही वेल दारात लावली की घरात भांडणं लागतात. चोवीस वर्षं मी गप्प बसले. मग मयुरीला पाहायला पाहुणे यायचे ठरले आणि माझं डोकं फिरलं. पोरीची सोयरीक, नागभीडकडची माणसं, दारात पाय ठेवताच समोर काय? कळलावी! मुलाची आई काय म्हणेल? या घरची पोरगी भांडखोर असणार, दुसरं काय!

दिवाळी झाली होती, धान कापायला आलं होतं. बाई शेतावर गेली, आणि मी कुदळ घेऊन वेल मुळासकट काढली. कंद इतका ठिसूळ की हातात तीन तुकडे झाले. ते नाल्यात फेकून आले. वेल उकिरड्यावर टाकली. तिला हिरवी बोंडं लागलेली होती, बोटाएवढी, ती मी पाहिलीसुद्धा. पण मला काय त्यांचं?

बाई आली, कुंपणाजवळ थांबली. मला वाटलं, आता पेटणार. पण तिने एवढंच विचारलं, "कंद कुठी हाये?"

"नाल्यात," मी म्हटलं.

ती गेली नाल्यावर. वाकलेल्या पाठीने, काठी टेकत. अंधार पडायच्या आत परत आली, हात रिकामे. नाला वाहता होता, काय सापडणार? मग उकिरड्यावर बसली आणि एकेक बोंड वेचलं. अकरा निघाली. पाच देठाविना तुटलेली, सहा देठासकट. देठवाल्यांतलं एक दाताने फोडून पाहायला गेली तर मी ओरडले, "बाई, जहर हाये ते!" मग नखाने फोडलं, बिया पांढऱ्या, पाणचट.

"दुधात हाये दाणा," ती म्हणाली. धानाबद्दल बोलतो आपण तसंच. आणि आत गेली. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पोहे खाल्ले, चहा प्यायले, कुंपणाकडे एकानेही ढुंकून पाहिलं नाही. चार दिवसांनी निरोप आला, पोरगी उंच आहे, जोडा शोभत नाही. उंच! माझी पोरगी उंच आहे हे त्यांना फोटोत दिसलं नव्हतं का? आणि यांच्यासाठी मी कुदळ हातात घेतली होती!

आता मला काही सुचेना. बाई अन्न खायची, काम करायची, गोपालशी, म्हणजे आमच्या यांच्याशी बोलायची, मयुरीशी बोलायची. मी समोर आले की भिंत. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायला आम्हाला कधी वेल लागली नव्हती, मिठावरूनसुद्धा भांडायचो. पण ही चूप!

मी ठरवलं, बोंडं मीच पिकवून देते. आंबे कोण पिकवतं घरात? मी! सीताफळं कोण पिकवतं? मी! देठाविना तुटलेली पाच बोंडं गुपचूप उचलली, तणसात, म्हणजे धानाच्या वाळक्या काडात गुंडाळली, धानाच्या कोठीजवळ उबेत ठेवली. पाचव्या दिवशी उघडून पाहिलं तर बोंडांवर पांढरी बुरशी, आत काळा चिखल. नेमकी बाई मागे उभी.

"आंबा हाये का तो?" ती म्हणाली. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा बोलली आणि तेही हे. "आंब्याले गोड व्हायचं असते. याले वाळायचं असते. दाबून ठेवलं तर सडनच ना!"

"मग तुम्ही सांगा ना कसं करायचं! तोंडाले कुलूप लावून बसल्या!"

तिने सांगितलं नाही, करून दाखवलं. राहिलेल्या पाच देठवाल्या बोंडांचे देठ तिरपे कापले आणि तांब्यात पाणी घेऊन त्यात उभे केले. देठात जोपर्यंत जीव आहे तोपर्यंत दाणा भरतो म्हणे. तांब्या खिडकीत. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारनंतर मागच्या. दिवसातून दोनदा ती तो तांब्या उचलून घरभर फिरायची, आणि पाणी बदलायचं काम मी माझ्याकडे ओढून घेतलं. तिने नको म्हटलं नाही.

तर आमच्या यांना उत्साह आला. मोबाइलवर कुठेतरी वाचलं की अशा पाण्यात चिमूटभर साखर टाकावी. चिमूटभर! या माणसाने चहात टाकतो तशी दोन चमचे टाकली. सकाळी तांब्याला मुंग्यांची रांग, पाणी आंबूस, दोन देठ गिळगिळीत. मी असं तोंड सोडलं की शेजारची माणसं बाहेर आली. हे आपले म्हणत राहिले, "अवं, मदतच करून राह्यलो ना मी!" मदत! या घरात जो उठतो तो मदतच करतो.

राहिली तीन. एक तसंच सुरकुतून गेलं. एक कोंबडीने खिडकीतून पाडलं आणि तुडवलं. राहिलं एक. त्या दिवशी मी चुलीपुढे बसून रडले. कोंबडीसाठी नाही, की बोंडासाठीही नाही. थकले होते. म्हटलं, "बाई, मारा मले. पण बोला. मले काय मालूम ते तुमचं एवढं जीवाचं हाये? भांडण लावते म्हून काढली मी ते."

तेव्हा बाई माझ्याजवळ येऊन बसली.

"भांडण लावते असं कोणी सांगतलं तुले? ते कळ भांडणाची नाई वं. बाळंतपणाची कळ. बाई अडली, कळा येईनात, का हिची मुळी उगाळून तळपायाले लावत व्हतो आम्ही. तोंडात कधी दिली नाई, जीव जाते. कळा लावते म्हून कळलावी. माझी मायबी सुईणच व्हती. भेरवाहीतलं लेकरू न् लेकरू याच धुऱ्यावरच्या मुळीनं निघालं. मीबी." मग चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "गाव गेलं, धुरा गेला, माय तर कधीचीच गेली. हे एक व्हतं."

चोवीस वर्षं मी त्या नावाचा भलताच अर्थ धरून बसले होते. बारावी शिकलेली मी!

शेवटचं बोंड डिसेंबरात पिवळं पडलं, सुरकुतलं आणि एका दुपारी तीन फाकांत उघडलं. आत बऱ्याचशा बिया पोचट, पण सात टपोऱ्या, लालभडक. मी नाचायचीच बाकी होते. बाईने बिया हातावर घेऊन पाहिल्या. "फूल यायले तीन-चार पावसाळे लागते," म्हणाली. आम्ही दोघींनीही पुढचा हिशेब केला नाही.

रोहिणीत कुंपणाशी माती भुसभुशीत करून बिया टाकल्या. मृग गेला, आर्द्रा गेली, काही नाही. मी रोज बघायची आणि रोज चिडायची. श्रावणात दोन पाती वर आली, बारीक, हुबेहूब गवत. मी काड्या खोवून कोंबड्यांसाठी जाळी लावली, यांना बजावलं की विळा घेऊन तिकडे फिरकलात तर बघा.

पंधरा दिवसांनी दुपारी मी अंगणात आले तर बाई जाळी बाजूला सारून बसलेली. निंदत होती. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला, पण हात रिकामा ठेवायची सवय नाही. चिमटीने गवत उपटून बाजूला टाकत होती. त्या ढिगात मला ते दिसलं. आमचं पातं, खाली हरभऱ्याएवढा पांढरा कंद, तुटलेला.

माझ्या जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू! नऊ महिने ऐकून घेतलं होतं. गिळलं होतं. आता माझी पाळी होती, आणि हक्काची होती.

मी खाली बसले आणि ते पातं गवतासकट पदरात घेतलं.

बाईने मातीवर बोटं फिरवली. एकाच पात्याला लागली. "दोन व्हते ना वं, मीरा?"

"नाई बाई," मी म्हटलं. "एकच आलं व्हतं."

"मले दोन दिसले व्हते."

"मोतीबिंदू हाये तो. एकाचे दोन दाखवते."

ती हसली. म्हणाली, "मग याले नीट पाह्य."

"पाह्यते," मी म्हटलं, आणि पदर गच्च धरून घरात गेले.