तीनशे चारमधला राखाडी ठिपका

साळवे बाईंनी मला माणसांत आणलं. जिंतूरच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावी ओलांडली नव्हती. मी बी.एस्सी. झालो तो बाईंच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या पाटावर बसून अभ्यास केला म्हणून. आता मी दुबईत नोकरी करतो आणि दर रविवारी त्यांना फोन करतो.

एका रविवारी केला नाही. त्या दिवशी दुबईच्या करामा भागातल्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर, अकरा वर्षांच्या मुलीने मला राखाडी रंग दिला होता.

इरा तिचं नाव. तिच्या आईवडिलांकडे मी एक खोली घेऊन राहत होतो. श्रीरंगदादा बँकेत होते, मधुरावहिनी घरीच मुलांना शिकवायच्या. दोघं पुण्याचे. फ्लॅट नंबर तीनशे चार. इराला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं होतं: आपल्या बिल्डिंगमध्ये कुठकुठले लोक राहतात ते शोधा. वहिनी म्हणाल्या, "काकांना घेऊन जा, त्यांचा स्टॅटिस्टिक्सचा अभ्यास आहे." मला बरं वाटलं. शिकलेल्याचं काहीतरी कामी येतंय असं वाटलं.

आम्ही दारोदार फिरलो. पहिल्या मजल्यावर केरळचं कुटुंब. त्यांच्यासमोर लाहोरचे एक चाचा. ते दारातच म्हणाले, "लिखो बेटी, पाकिस्तानी. और नीचे लिखो, करामावाले." वर फिलिपिन्सच्या नर्स एकत्र राहायच्या. त्यांनी इराला केक दिला. एक इजिप्तचे इंजिनियर होते. ते झोपेतून उठून आले आणि तरी हसले. खाली आलो तर बांगलादेशी वॉचमन म्हणाला, "मेरा नहीं लिखोगी? मैं भी तो इधरही रहता हूँ."

इरा म्हणाली, "बट ही डझन्ट हॅव अ फ्लॅट, काका."

मी म्हणालो, "राहतो ना इथे? मग लिही."

तिने लिहिलं.

रविवारी दुपारी तिने मोठ्या कागदावर बिल्डिंग काढली. प्रत्येक घरात रंगीत कागदाचे गोल ठिपके चिकटवले. एक माणूस, एक ठिपका. भारतीय फार झाले म्हणून तिने राज्यं वेगळी केली होती. केरळ हिरवं. गुजरात पिवळं. महाराष्ट्र केशरी. निळा रंग फिलिपिन्सला गेला होता. मी चहा घेऊन टेबलाशी आलो आणि आमचं घर शोधलं. तीनशे चार. त्यात तीन केशरी ठिपके. जरा अंतरावर एक राखाडी.

"हा कोण गं?"

"दॅट्स यू, काका."

"मी महाराष्ट्राचा नाही का?"

"यू आर. बट नॉट लाइक अस. आई म्हणाली, त्यांचं वेगळं असतं, आपल्यात नको लावू."

ती तोंड वर न करता बोलली. कात्री चालूच होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. जसं तिला सांगितलं गेलं, तसं तिने कापलं.

स्वयंपाकघरात कुकरचं झाकण पडलं. वहिनी बाहेर आल्या नाहीत.

मला सगळं एकदम कळलं असं नाही. कळत होतंच. मी कळून घेत नव्हतो. माझं आडनाव गावावरून आहे, त्यावरून जातीचा पत्ता लागत नाही. वहिनींना ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं. सरळ विचारलं नाही कधी. "तुमचं कुलदैवत कुठलं?" मग एकदा, "तुमच्याकडे गौरी उभ्या की खड्याच्या?" मी म्हणालो, आमच्याकडे गौरी बसत नाहीत. "अगबाई, मग काय करता त्या दिवशी?" काय सांगणार. त्यानंतर माझा कप वेगळ्या हुकाला गेला. माझं ताट सिंकच्या बाजूला उभं राहू लागलं. भाड्याने राहणाऱ्याचं वेगळंच असतं, असं मी मला समजावलं. समजावण्यात मी तरबेज होतो.

निघताना बाई म्हणाल्या होत्या, "तिकडे कुणी जात विचारत नाही रे. तिकडे तू भारतीय, एवढंच." विमानात मी ते घोकत आलो होतो.

दुबई मरीनातल्या एका उंच टॉवरच्या हेल्पडेस्कवर मी बसतो. कुणाच्या एसीतून पाणी गळतं, कुणाची लिफ्ट अडकते, ते नोंदवतो. गोरा रहिवासी आला की माझ्या डोक्यावरून पाहतो आणि विचारतो, दुसरं कुणी आहे का बोलायला. तो अपमान मी रोज घरी आणत नसे. तिथे मी सगळ्या भारतीयांबरोबर खाली होतो. केरळचा सुपरवायझरही माझ्याच शेजारी खाली होता. आम्ही दोघं त्यावर हसायचो. करामात घराचं दार उघडलं की मी एकटा खाली.

श्रीरंगदादा सोफ्यावरून उठून आले. त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्याने हसले.

"अरे, पोरं काहीही बोलतात. मनावर घेऊ नको, हबीबी. इरा, काढ तो ग्रे. काकांना ऑरेंज दे. यल्ला, चल लवकर. खलास."

इराने नख लावून माझा ठिपका सोलायला सुरुवात केली.

ती एक खूण होती, दादांनी मला दिलेली. गप्प बस, केशरी घे, चहा पी. मी आजवर हेच घेत आलो होतो. त्या क्षणी मात्र मला त्या राखाडीपेक्षा तो केशरी जास्त लागला. राखाडी तिच्या आईचं खरं मत होतं. केशरी माझं तोंड बंद करायला होता.

मी म्हणालो, "नको. राहू दे."

"अरे, कशाला वाढवतोस?"

"राहू दे, दादा. माझा रंग मी सांगतो." मग इराला म्हणालो, "मला निळा दे."

"ब्लू इज ओव्हर, काका. ब्लू इज फिलिपिन्स."

मी खिशातलं पेन काढलं आणि त्या राखाडी ठिपक्याशेजारी लिहिलं. बौद्ध. अक्षर वाकडं आलं. दुबईत आल्यापासून हा शब्द मी पहिल्यांदा लिहीत होतो.

इराला मराठी वाचायला वेळ लागतो. तिने बोट ठेवून वाचलं. "बौ... द्ध. लाइक द स्टॅच्यू इन द स्पा?"

"हो. त्याच माणसाचे आम्ही."

"कूल," ती म्हणाली.

तेव्हा वहिनी बाहेर आल्या. पदराला हात पुसत. चेहरा लाल. "शाळेच्या प्रोजेक्टमध्ये जातपात कशाला आणायची? इथे कुणी मानतं का हे सगळं? आम्ही तर अजिबात मानत नाही."

मी विचारलं, "वहिनी, राखाडी कुणी दिला?"

दादांनी टीव्ही लावला. इरा आईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिला वाटलं असावं, तिचं काहीतरी चुकलं. तिला जवळ घेऊन सांगायला हवं होतं की तुझं नाही चुकलं. मी नाही सांगितलं. खोलीत जाऊन दार लावलं.

माझ्या शब्दाने काही बदललं असेल असं वाटत असेल, तर ऐका. वहिनींनी तिच्याकडून नवा कागद करून घेतला. तो दारामागे टांगलेला मला दिसला. लाहोरचे चाचा होते. नर्स होत्या. वॉचमनसुद्धा होता, जिन्याखाली, एकटा. तीनशे चारमध्ये तीन केशरी ठिपके होते. चौथा नव्हताच. राखाडी नाही, केशरी नाही. त्या घरात मी राहतच नव्हतो.

काही दिवसांनी दादा म्हणाले, "आईंचा व्हिसा होतोय. त्यांना खोली लागेल रे. समजून घे." फार गोड बोलले. दुसरी जागा शोधायला मदत करतो म्हणाले. इराने निरोपाला एक चॉकलेट दिलं. वहिनी तेव्हा नेमक्या बाहेर गेल्या होत्या.

मी आणखी मराठी घरांत फोन केले. एका गृहस्थांनी प्रेमाने चौकशी केली. गाव, शिक्षण, नोकरी. मग, "बाकी... म्हणजे, आपलेच ना?" मी म्हणालो, "बौद्ध आहे." मग म्हणाले, "इन्शाल्ला, कळवतो." अशा वेळी इन्शाल्ला म्हणजे नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

आता दुबईशेजारच्या शारजात, रोल्ला भागात राहतो. एका खोलीत तेलंगणाचे, बिहारचे, नेपाळचे लोक, दुमजली पलंग. सकाळी बसची रांग, संध्याकाळी पुन्हा तीच. पहिल्याच आठवड्यात वरच्या पलंगावरून प्रश्न आला, "भाई, कौन जात?" मी सांगितलं. वरून एवढंच आलं, "अच्छा." दुसऱ्या दिवसापासून त्याने त्याची कढई वेगळी ठेवली. मी कुठे कुठे जाऊ? जगभरची माणसं या एका देशात आली आहेत. आपली माणसं येताना तेही घेऊन आली.

मग एका रविवारी बाईंनीच फोन केला. त्या निवृत्त आहेत, पण वसतिगृहातल्या मुलांना अजून शिकवतात. म्हणाल्या, "मोबाइलवरून एकदा बोल माझ्या पोरांशी. परदेशात जात राहत नाही, शिका आणि बाहेर पडा, एवढंच सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर धीर येईल त्यांना." मी हो म्हणालो. बाईंना नाही म्हणता येत नाही मला. फोन ठेवला आणि पलंगावर बसून कागदावर लिहिलं. फोटो काढून पाठवलं. ते असं:

आदरणीय बाई,

सप्रेम जयभीम.

दर रविवारी मी तुम्हाला ठीक आहे म्हणतो. ठीक नाही. करामातली खोली मला सोडावी लागली आणि कारण तेच, जे जिंतूरला होतं. इथेही विचारतात, बाई. गोड बोलून विचारतात, देवाचं नाव घेऊन विचारतात. सांगितलं की दार लागतं. लपवलं की दार उघडं राहतं, आणि आत आपण नसतो.

तुमचं आजवर सगळं ऐकलं. पाटावर बस म्हणालात, बसलो. शीक म्हणालात, शिकलो. जा म्हणालात, आलो. तुमच्यामुळे मी आहे, हे मरेपर्यंत विसरणार नाही. पण हे एक ऐकणार नाही. बाहेर जात राहत नाही, असं मी तुमच्या पोरांना सांगणार नाही. ते खोटं आहे. त्या खोट्यावर मी इथपर्यंत आलो आणि बेसावध सापडलो. त्यांना तसं पाठवू नका.

मी बोलेन. आधी माझं नाव सांगेन, मग बौद्ध आहे म्हणून सांगेन, मग इथे काय झालं ते. मुलं घाबरतील. घाबरू देत. त्यांना द्यायला माझ्याकडे धीर नाही, खरं तेवढं आहे. ते चालत नसेल तर मला बोलावू नका. बोलावलंत तर मी हेच बोलणार.

तुमचा विद्यार्थी