गोदूची उसनी नावं

गोदू तुळशीराम रोडपालीहून रोज पायी पनवेलला यायची, पोह्यांच्या गिरणीत चाळणीवर बसायला. अठ्ठ्याहत्तर सालापासून यायची. पण हजेरीपट उघडला तर गोदू नावाची बाई त्यात सलग वर्षभर कधी सापडली नसती.

त्याला कारण दाजी. हा गिरणीचा कारकून. आठ महिने सलग भरले की कामगाराला हक्क लागतात, काढायचं तर भरपाई द्यावी लागते. म्हणून सातवा महिना संपला की दाजी म्हणायचा, "गोदू, उद्यापासून तू चंद्रावती." चंद्रावती तिची नणंद. मग ती वेणू झाली, सत्यवती झाली. एकदा तर स्वतःची पोर चिंगी झाली, आणि चिंगी तेव्हा पाळण्यात! बायका हसायच्या. "काय गं चिंगे, दूध प्यालीस का?" गोदूही हसायची. नवऱ्याचं मिठागर बंद पडलं होतं, घर हिच्या चाळणीवर चालत होतं. नावाचं काय एवढं?

ब्याण्णव साली शेठनी गिरणी विकायला काढली. घेणाऱ्यांची मुलगी हेतल, हिशेबाचं शिकलेली, सौद्याआधी पगाराची कागदपत्रं तपासायला आली. तीन वर्षांचे हजेरीपट तिने दोन दिवसांत पालथे घातले आणि परत माळ्यावर पाठवले.

"दाजी, एकही बाई सात महिन्यांवर टिकत नाही?"

"शेतीची माणसं, मॅडम. पेरणी आली की पळतात."

हेतलला पटलं नाही. एकेका बाईला बोलावते म्हणाली. त्याआधी दाजीने बायकांना मागच्या अंगणात गाठलं. "जुन्या बाया नव्या मालकाला महाग पडतात, त्या आधी काढणार. यंदाच आलो म्हणा, म्हणजे राहाल." चौदा वर्षं ज्याच्या शब्दावर नाव बदललं, त्याच्या शब्दावर वर्षं बदलायला गोदूला काय जड होतं?

हेतल भली होती, पण अक्कल बघा. ज्याच्या वहीवर संशय, त्यालाच दारात उभं ठेवून बाईला विचारते!

"मावशी, किती वर्षं झाली इथं?"

"आमी यंदाच आलो, ताई."

"मघाशी बघत होते तुम्हाला. सहा महिन्यांत चाळणीवर असा हात बसत नाही. खरं सांगा. जुन्या असाल तर तुमची भरपाई मी शेठकडून कापून घेईन, सौदा व्हायच्या आधी."

गोदूने दाजीकडे पाहिलं. दाजी नखं बघत होता.

"आयचं बघून शिकलो," ती म्हणाली.

हेतलने तसं लिहून घेतलं. खाली गोदूचा अंगठा.

सौदा झाला आणि दिवाळीनंतर चाळणीचं यंत्र आलं. चाळणीवरच्या सहाही बायकांना आठवड्याचा पगार देऊन घरी पाठवलं. नव्या बायका, त्यांना भरपाई कसली? दाजी मात्र राहिला. वह्या लिहायला माणूस लागतोच.

गोदू तडक हेतलच्या टेबलापुढे गेली. चौदा वर्षं, दाजी, नणंद, चिंगी, सगळं एका दमात ओतलं.

"मावशी, मी विचारलं तेव्हा का नाही बोललात? आता सह्या झाल्या. शेठ पैसे घेऊन मोकळे झाले."

"मंग तुमी द्या."

"कशावर देऊ? नाव तुमचं नाही, तुमचा जबाब उलटा."

"नाव नसंल, पण अंगठा तं माझाच हाय! सगल्या नावांखाली माझाच अंगठा. काढा जुन्या वह्या न् जुळवून बघा."

हेतल ताडकन उठली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. "दाजी, माळ्यावरच्या जुन्या वह्या आणा. सगळ्या."

दाजी जागचा हलला नाही. "मॅडम, ताबा घेतलात त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, माळा रिकामा करा, रंग लावायचाय. चार दिवस भट्टीत तुसाबरोबर तेच जाळत होतो."

हेतल खाली बसली. तिने पर्स उघडली. गोदूने मान हलवली, पदर खोचला आणि बाहेर पडली. दोन महिन्यांनी ती कळंबोलीच्या बांधकामावर खडी वाहत होती. वय सत्तेचाळीस. तिथे हजेरीपटच नव्हता.